एलिहिओंचा झोपाळा

"खेचराच्या दोन्ही बाजूंना ओझं सारखं ठेव, नाहीतर त्याची पाठ सोलते," माझे यजमान एलिहिओ म्हणायचे. हे जन्मभर पाहुण्यांना पेतेनच्या जंगलातल्या जुन्या देवळांपर्यंत नेत. सर्वांत उंच देवळावर त्यांच्या नावाची मेणबत्ती लावीन, असं मी त्यांना त्यांच्या शेवटच्या घटकेला कबूल केलं होतं. म्हणून पाहुण्यांच्या या देवळांच्या फेरीला मी स्वयंपाकीण म्हणून नाव दिलं.

"काकू, पाच दिवसांची चाल आहे. गुडघे टिकतील ना?" वाटाड्या निकानोरने विचारलं.

"प्रार्थनेला टिकतात, तर वाटेलाही टिकतील रे बाबा."

मक्याच्या पिठाने खेचराची उजवी बाजू जड झाली. डावीकडे भांड्यांवर पूर्वी यांचा जाळीचा झोपाळा असायचा. त्यात आता निजणारं कुणी नव्हतं, तरी मी तोच बांधला. ओझं सारखं झालं.

सकाळची जपमाळ संपवून मी दार ओढून घेतलं आणि खेचरामागून चालू लागले.