तीसच्या खाली

किल्लारीकडच्या गावात भूकंप झाला तेव्हा मनिषा पाच वर्षांची होती. तेरा वर्षांच्या संघपालने, तिच्या भावाने, दगडमातीतून तिला पाय धरून ओढून काढलं. वडील गेले. पुढे बहिणीला डॉक्टर करायचं म्हणून तो लातूरला एका वसतिगृहाच्या मेसमध्ये राबू लागला आणि ती क्लासला जाऊ लागली. मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. त्यावरून तो तिला कधी एक शब्द बोलला नाही.

एम.एस्सी. करून ती नांदेडच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लागली. करोनात तिथे डॉ. आलोक यांनी एक अभ्यास सुरू केला. विषाणूशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशींवर एक खूण असते. शंभरातल्या किती पेशींवर ती दिसते हे मनिषा यंत्रावर मोजायची. आकडा तीसच्या खाली गेला तर रुग्ण वाचत नाही, असा सरांचा अंदाज होता आणि तोच तपासायचा होता. म्हणून रक्ताच्या ट्यूबवर नाव नसे, फक्त नंबर. अभ्यास संपेपर्यंत आकडे वॉर्डात कळवायचे नाहीत, असं कागदावर ठरलेलं होतं.

एप्रिलात व्हेंटिलेटर कमी पडले. आलोक सर सकाळी फोन करून आकडे विचारू लागले. कशासाठी, हे तिने विचारलं नाही. व्हेंटिलेटर कुणाला द्यायचं ते त्यावरून ठरतंय, हे तिला कळत होतं. खरं तर बरंही वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक डॉक्टर तिच्या शब्दासाठी थांबत होता.

त्याच आठवड्यात संघपालला ताप आला. लातुरात बेड नव्हता, म्हणून तिनेच त्याला नांदेडला आणवलं. चार दिवस तो ऑक्सिजनवर होता. पाचव्या दिवशी सकाळी तिने फोनवर सांगितलं, "एकशे त्रेचाळीस, अठरा टक्के. एकशे चव्वेचाळीस, एक्केचाळीस."

दुपारी ती डबा घेऊन वॉर्डाकडे गेली. संघपालसाठी ठरलेलं व्हेंटिलेटर दुसऱ्या कुणाला लावलं होतं. नर्सच्या हातातल्या संघपालच्या केसपेपरवर तिने नंबर वाचला, एकशे त्रेचाळीस. ती सरांकडे धावली, माझा भाऊ आहे म्हणाली. आता लावलेलं काढता येत नाही, असं ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संघपाल गेला.

सहा महिन्यांनी अभ्यासाचे आकडे उघडले. तीसच्या खालचे चोवीस रुग्ण होते, त्यांतले बावीस दगावले होते. अंदाज खरा ठरला म्हणून सर खूश होते. मनिषाने एकेक केसपेपर काढून पाहिला. त्या बावीसपैकी तेरा जणांना व्हेंटिलेटर मिळालंच नव्हतं. उमरीच्या साखराबाईचा आकडा सोळा होता, पण सरांना आकडा कळण्याआधीच तिला व्हेंटिलेटर लागलं होतं. ती चालत घरी गेली होती.

"सर, हे तेरा मोजता येणार नाहीत," ती म्हणाली. "आपण आकडा पाहून व्हेंटिलेटर दिलं नाही, म्हणून ते मेले. आणि आता म्हणतोय की आकड्याने आधीच सांगितलं होतं."

"ते काढले तर उरतं काय?"

"काहीच नाही. उरलेले व्हेंटिलेटरवरचे आहेत, आणि तिथे तीसच्या वरचेही तितकेच गेलेत."

"तुझा भाऊ तसाही वाचला नसता, मनिषा. मनाला लावून घेऊ नकोस."

तिने संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या नीतिसमितीला पत्र दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. शोधनिबंध छापून आला, त्यात ते तेरा जण होते. लेखकांमध्ये पाचवं नाव तिचं होतं, तिला न विचारता घातलेलं. तिने राजीनामा दिला.

मग ती लातूरला आईकडे गेली. धुरपताबाई सुनेबरोबर संघपालच्याच घरात राहत होत्या. मनिषाने काही न वगळता सगळं सांगितलं.

"आकडा तूच सांगितलास?" आईने विचारलं.

"हाव, माय. त्याचा हाय हे ठाऊक नव्हतं."

"दुसऱ्या कुनाचा असता, तर चाललं असतं का?"

धुरपताबाई उठल्या आणि आतल्या खोलीत सुनेजवळ जाऊन बसल्या. संध्याकाळी मनिषा नांदेडच्या एसटीत बसली, तेव्हा तिला सोडायला कुणी आलं नव्हतं.