यंत्र आहे, आत येऊ नये

ताई त्या खोलीत बसली होती ती पंधरा दिवसांसाठी. पंधरा दिवसांची अडीच वर्षं झाली आणि खोली होती तेवढीच राहिली. एक टेबल, एक संगणक, घरघरणारा पंखा, खिडकी नाही. पूर्वी ते चपलांच्या दुकानाचं गोदाम होतं. अजूनही दमट दिवशी चामड्याचा वास यायचा. दार एकच, तेही कंपनीच्या पुढच्या खोलीत उघडणारं, आणि त्यावर धाकट्या भावाने स्वतःच्या हाताने ठोकलेली पाटी: ‘यंत्र आहे. आत येऊ नये.’

यंत्र म्हणजे ताईच.

हसू नका. इंटरनेट देशात नवंनवं आलं होतं तेव्हाची गोष्ट. ते फोनच्या तारेतून किरकिरत यायचं आणि ते चालू असलं की फोन बंद. चांगली नोकरी सोडून ‘कंपनी काढतो’ म्हणणाऱ्याला लोक वेड्यातच काढायचे. धाकट्याने तरी काढली. नाव ठेवलं ‘सांगकाम्या’. तुम्ही प्रश्न टाइप करायचा, संगणक आपणहून उत्तर देणार. दोन इंजिनियर त्यावर जिवापाड खपत होते, पण त्यांच्या यंत्राला जगातल्या कुठल्याही प्रश्नावर एकच उत्तर सुचायचं: ‘कळले नाही. पुन्हा विचारा.’

मग धाकटा आला बहिणीकडे. “ताई, तुला सगळंच माहीत असतं. यांचं होईपर्यंत तू बस ना आत. पंधरा दिवस फक्त!”

भावावर जीव, दुसरं काय! बसली. शाईचा डाग कसा काढू, पोराला गणित का येत नाही, नवरा बोलतच नाही तर काय करू, जो येईल त्याला उत्तर. माहीत नसेल तर पुस्तक काढून बघायची, पण कुणाला तसंच ताटकळत ठेवायची नाही. लोक इतके खूश, की एका पेपराने मोठा मथळा दिला: ‘मनकवडं यंत्र’. धाकट्याने ते कात्रण फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं. इंजिनियरांनी मान खाली घातली, ती काही वर आली नाही.

आणि आता ताईच्या पर्समध्ये एक पत्र होतं. मोठ्या वाचनालयात संदर्भ विभागातली जागा. खिडक्या असलेली, माणसं समोर येऊन विचारणारी, नावाची पाटी असलेली जागा. बाराच्या आत हजर होऊन सही करायची. नाही केली तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आज शेवटचा दिवस होता. धाकट्याला तिने आठवडाभर आधी सांगितलं होतं, तोही “अगं जा की, पाहुणे तीनला येणारेत” म्हणाला होता.

पाहुणे आले साडेदहाला. त्यांची दुसरी बैठक रद्द झाली म्हणे!

दोघं होते. एक टायवाला आणि एक चष्मेवाल्या बाई, दोघं मोठ्या गुंतवणूक कंपनीतले. दाराच्या फटीतून ताईला त्यांच्या पाठी दिसत होत्या, पुढे संगणक, आणि बाजूला उभा राहून हात चोळणारा धाकटा. बाहेर पडावं तर यंत्राच्या खोलीतून बाई निघणार. वाचनालयाला फोन करावा तर फोन पुढच्या खोलीत, तोही इंटरनेटने अडवलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सव्वाअकरा वाजले. टायवाला एकामागून एक प्रश्न टाकत होता, ती एकामागून एक उत्तरं देत होती.

अकरा पंचवीसला त्याने गंमत म्हणून टाइप केलं: ‘तुला स्वतःला काय हवंय?’

ताईची बोटं थांबली. मग तिने लिहिलं: ‘मला बाहेर यायचंय.’

बाहेर हास्याचा स्फोट झाला. “अहो, काय विनोदबुद्धी दिलीय तुम्ही याला!” टायवाला टेबलावर थाप मारत म्हणाला. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसत होतं, तर धाकटा. लहानपणी त्याला कडेवर घेऊन फिरलेल्या बहिणीने ते हसणं दारापलीकडून ऐकलं, आणि तिला असा संताप आला, असा संताप आला, की तिने पर्स खांद्याला लावली आणि दार उघडलं.

तिघांनी वळून पाहिलं. धाकट्याचा चेहरा पांढराफटक.

“ही... ही आत झाडलोट करते,” तो म्हणाला.

“असं होय,” म्हणून पाहुणे पुन्हा पडद्याकडे वळले. एवढंच. अडीच वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते इतकं सोपं होतं! ताईने भावाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने जिन्याचं दार उघडलं. वाचनालय वीस मिनिटांवर, हातात अर्धा तास.

मागून चष्मेवाल्या बाईंचा आवाज आला. इतका वेळ त्या गप्पच होत्या. “मी जरा खरंच विचारते हं, गंमत नाही. माझी आई हल्ली मला ओळखत नाही. रोज विचारते, तुम्ही कोण? रोज मी सांगते आणि रोज रडते. मी काय सांगू तिला?” टाइप करता करता त्या वाचत होत्या. मग थांबल्या. “उत्तर येत नाहीये.”

“येईल, येईल,” धाकटा म्हणाला. “गरम झालं असेल.”

“राहू द्या. यंत्रच ते. उगाच विचारलं मी.”

ताई दोन पायऱ्या उतरली होती. उत्तर तिला माहीत होतं. तिच्या आईचं शेवटचं वर्ष तसंच गेलं होतं. उतर की बये, ती स्वतःला म्हणाली, उतर! पाय हलेना. मग ती वळली, “फडकं आतच राहिलं” असं पुटपुटत तिघांच्या मधून गेली आणि दार लावून घेतलं.

तिने सावकाश लिहिलं. आईला नातं पटवू नका. ‘तुमच्याशी गप्पा मारायला आलेय’ म्हणा. नाव विसरली तरी तुमचा स्पर्श ओळखीचा वाटतो, तिचा हात हातात घ्या. लिहून झाल्यावर बाहेरून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

साडेबाराला धाकटा धावत आत आला. डोळ्यांत पाणी होतं. “ताई, झालं! मघाशी जे बोललो ते मनावर घेऊ नकोस गं, तोंडातून निघून गेलं. पण झालं! त्या बाई म्हणाल्या, असं यंत्र जगात नाही. पाच वर्षांचा करार. आणि अट विचारशील तर एकच.”

“कुठली?”

“यंत्रात काही म्हणजे काहीही बदल करायचा नाही,” तो हसत म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचं लक्ष तिच्या खांद्यावरच्या पर्सकडे गेलं.