दारावरचा दिवा

नातवाच्या पहिल्या हॅलोविनला तो माझ्या कडेवर, दारात असावा, एवढंच मला हवं होतं. ओहायोतल्या आमच्या गावात बाळाचा पहिला हॅलोविन असाच होत आला. माझ्या मुलाला, ग्लेनला, मी भोपळ्याच्या पोशाखात घेऊन उभी राहिले होते. चेटकिणी आणि सांगाडे होऊन घरोघर फिरणारी पोरं चॉकलेटं घेता घेता त्याचे गाल ओढून जायची. दारावर दिवा म्हणजे पोरांना आमंत्रण. तेव्हा तो विझलेला दिसला, की त्या घरात कुणीतरी गेलं असं लोक समजत, नाहीतर घरमालक खत्रूड.

ग्लेनच्या दारावरचा दिवा विझलेला होता. पायरीवर चॉकलेटांचा वाडगा आणि चिठ्ठी: एकेकच घ्या, बेल वाजवू नका.

सून टेसाने दार उघडलं तेही अर्धंच. बाळाला दुपारीच वटवाघूळ करून फोटो काढून झाले होते म्हणे, आता दूध पाजून झोपवायचं. हा सण आहे की दातांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, असं मी विचारलं. सर्दीखोकल्याचे दिवस आहेत, परक्या पोरांपुढे बाळ धरायचं नाही, घरातल्या घरात करायचं ठरलंय, असं तिने सांगितलं.

"कुणी ठरवलं?"

"त्याच्या आईबापांनी. लॉरेन, तुम्ही पाहुण्या आहात, पाहुण्यासारख्या बसा."

ती दूध कोमट करायला गेली. ग्लेनने मुकाट्याने बाळ माझ्या हातात दिलं. मी सरळ दाराशी गेले, दिवा लावला, दार उघडलं. रस्त्यावरची तीन पोरं लगेच वळली. सगळ्यात धाकट्या चेटकिणीने बोट पुढे केलं आणि बाळाने ते घट्ट पकडून तोंडात घातलं. पोरं खिदळली. बाळही हसलं.

मागून टेसा आली. आवाज चढवला नाही तिने. पोरांना दोन-दोन चॉकलेटं दिली, टोपीचं कौतुक केलं, दार लावलं, दिवा बंद केला. मग बाळ माझ्याकडून घेतलं आणि ओल्या फडक्याने त्याचं तोंड, हात, हनुवटी पुसत राहिली, जणू ते गटारात पडलं होतं.

"तू सांगतोस की मी सांगू?" तिने ग्लेनला विचारलं.

ग्लेन गालिच्याकडे बघत होता. "मॉम, पुढच्या महिन्यात थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आम्ही टेसाच्या आईकडे जातोय."

"बरं. आणि ख्रिसमसला?"

त्याने टेसाकडे पाहिलं.

"ख्रिसमसलाही," टेसा म्हणाली.

म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं, की आत्ता फडकं फिरवताना ठरलं, ते मी विचारलं नाही. कोट चढवला. बाळाने माझ्याकडे झेप घेतली, तशी ती त्याला घेऊन जिना चढून गेली.

"तुला असं कुणी पुसून काढलं नव्हतं," मी ग्लेनला म्हटलं, "तरी जगलास."

त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं. अंधारात पायऱ्या मी चाचपडत उतरले.