मधलं माणूस

हौशीराम आबाच्या घरात सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, असा दंडक होता. तो कुणी घालून दिला हे कुणाला माहीत नव्हतं, पण त्या काळी शिरूर तालुक्यातल्या पुष्कळ घरांत तो होता आणि ज्या घरात नव्हता त्या घराला लोक नावं ठेवत. सिंधूला सासऱ्याला काही सांगायचं झालं, की ती सासूला सांगायची.

"आत्याबाई, मामंजींना म्हणावं, मोटेचा नाडा झिजलाय."

मामंजी तिथंच, हाताच्या अंतरावर भाकरी खात बसलेले असायचे. धुरपदाबाई तोंड फिरवून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या आणि आबा जणू आत्ताच कानावर पडल्यासारखी मान डोलवायचा. मग उत्तरही त्याच वाटेनं परत यायचं. सिंधू माहेरी गेली की बहिणींपुढं ह्याची नक्कल करायची आणि साऱ्याजणी पोट धरून हसायच्या. तेव्हा हसू येत होतं खरं.

तिचा नवरा बाळासो पलटणीत होता. वर्षातून एकदा रजेवर यायचा. एका रजेत त्यानं सदऱ्याच्या आत घालून एक पिल्लू आणलं. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका. "मी न्हाई तवर ह्यो हाय तुला," एवढंच बोलला आणि गेला. सिंधूनं त्याचं नाव टिकल्या ठेवलं. त्या घरात मधलं माणूस न लागता तिला बोलता येईल असा तो एकटाच होता. नवऱ्याला सांगायचं, सासूबद्दल सांगायचं, ते सगळं ती टिकल्याला सांगायची. तो मळ्यातली वांगी राखायचा, झेंडूत शिरलेली डुकरं हुसकायचा, आणि ती विहिरीवर गेली की मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला बसून राहायचा. आयुष्यात कुणाला चावला नाही. गुरगुरायचासुद्धा लाजत लाजत.

आबा माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणी त्याला राक्षस म्हणेल, आणि राक्षस असता तर सोपं झालं असतं. आबाला नव्या गोष्टींची हौस होती. गावात पहिला लोखंडी नांगर त्याचा. मग शेतकी खात्यातले ब्लॉकचे साहेब आले, त्यांनी पिकावरची किडीची पावडर दिली, आणि आबाच्या वांग्यावरची कीड खरंच झडली. साहेबांनी चावडीपुढं, सगळ्या गावादेखत, आबाच्या पाठीवर थाप मारली. तेव्हापासून आबाची मान जी ताठ झाली ती खाली यायला तयार नव्हती. लोक पावडरीला बिचकत होते. आबानं चिमूटभर तळहातावर चोळून दाखवली. "माणसाला काय सुदीक होत न्हाई. ह्या हौशीरामावर इस्वास हाय का न्हाई?" लोकांचा विश्वास होता. येत्या बाजारानंतर साहेब पुन्हा येणार होते आणि गावाला पावडर वाटली जाणार होती, ती आबाच्याच हातानं.

चैत्रात टिकल्याच्या अंगावर गोचिडी झाल्या. खाजवून खाजवून त्यानं कातडं सोलून काढलं. ह्याला गावचं औषध ठरलेलं, करंजाच्या तेलात गंधक कालवायचा आणि चोळायचा. पण घरातला गंधक संपला होता. आबानं एका संध्याकाळी वाटीत करंजाचं तेल घेतलं, त्यात पिकावरची पावडर कालवली आणि कुत्र्याला पायांत धरून नखशिखान्त माखलं.

सिंधू दारातून बघत होती. मागल्या आठवड्यात वांग्याच्या वाफ्यातले किडे टिपून दोन कोंबड्या तडफडून मेल्या होत्या. ती आत पळाली.

"आत्याबाई, मामंजींना म्हणावं, ती पावडर नका लावू. त्यो अंग चाटतोय. पोटात जाईल."

धुरपदाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "ती म्हणती, चाटंल त्यो."

आबा हसला. "तिला म्हणावं, मला साहेबानं शिकीवलंय. तिला कुठल्या साहेबानं शिकीवलंय?"

निरोप परत आला. सिंधू भाकरी थापायला बसली.

सकाळी टिकल्या गोठ्यापाशी आडवा पडला होता. चारी पाय ताठ, मान मागं वळलेली, तोंडाला फेस. एक झटका ओसरला की दुसरा यायचा. मधल्या वेळी तो डोळे उघडायचा आणि सिंधूला शोधायचा. तिनं हात ठेवला की तेवढ्यापुरता थरकाप कमी व्हायचा.

आबा धावत आला. बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. सिंधूनं ते पाहिलं. त्याला कळलं होतं, तिला कळलं होतं, आणि चुलीपाशी उभ्या धुरपदाबाईंनाही कळलं होतं. कुणी पावडरीचं नाव काढलं नाही. आबानं स्वतः गाडी जुंपली, कुत्र्याला पोत्यावर घेतलं आणि बायकोला म्हणाला, "तिला म्हणावं, चल. तिच्याबिगर त्यो ऱ्हायचा न्हाई." धुरपदाबाई गुरांपाशी थांबल्या. म्हणजे मधलं माणूस घरी राहिलं.

शिरूरला ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते. गुरांना बुळकांडीची लस टोचायला ते गावोगाव फिरत होते, आणि कधी येतील ते सांगता येत नव्हतं. तिथला शिपाई म्हणाला, "दौंडला घिऊन जावा. तिथं डाक्टर हायती." एस.टी.च्या कंडक्टरनं फेस बघितला आणि दारच लावून घेतलं. अखेर बाजाराच्या कोपऱ्यावर तळेगाव ढमढेऱ्याचा अयुब भेटला. फुलं-भाजीपाला भरून त्याची लॉरी दौंड स्टेशनला जायची, आबाचा झेंडूही त्याच लॉरीतून जायचा. त्यानं एक शब्द विचारला नाही. पाट्या सरकवून जागा केली आणि कुत्र्याला स्वतः उचलून वर घेतलं. टिकल्याच्या तोंडची लाळ त्याच्या मनगटावर ओघळली, ती त्यानं लुंगीला पुसली.

आबा पुढं अयुबच्या शेजारी बसला. सिंधू मागं, पाट्यांच्या मध्ये, टिकल्याचं डोकं मांडीवर घेऊन. रस्ता सगळा खाचखळग्यांचा. वाटेत नदी उतरताना अयुबनं इंजिनात पाणी घालायला लॉरी थांबवली, आणि तांब्याभर पाणी घेऊन मागं आला.

"वैनी, काय खाल्लं म्हनायचं ह्यानं? काय इखारी तर न्हाई ना पोटात गेलं?"

सिंधूच्या ओठांवर आलं होतं. अयुब परका, पण तिच्याशी भावासारखा बोलायचा. त्याच्याशी बोलायला तिला कुणाची आडकाठी नव्हती. तेवढ्यात पुढून आबाचा खोकला ऐकू आला. खोकलाच तो, दुसरं काही नव्हे. पण त्या घरात आबा खोकला की सुनांनी पदर सावरायचा असतो, आणि तिनं तो सावरला.

"मला काय ठावं, दादा," ती म्हणाली.

अयुबनं पाण्याचा हात टिकल्याच्या तोंडावरून फिरवला आणि लॉरी सुरू केली.

दौंडला डॉक्टर जागेवर होते. आता उशीर झाला म्हणायला कुणाला जागा नव्हती. टिकल्याचा श्वास चालू होता, डोळे उघडे होते. डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, घाईत बोलणारे. लांबूनच वाकून त्यांनी बघितलं.

"कुणाला चावलंय?"

"न्हाई साहेब," आबा म्हणाला.

"खाणं-पाणी कधीपासून बंद?"

"कालपातूर चांगलं खात व्हतं."

डॉक्टरांनी त्याचं तेलकट अंग न्याहाळलं. मग त्यांनी जे विचारलं ते सिंधूनं जन्मभर कानांत बाळगलं.

"अंगाला काही लावलं होतं का? हल्ली ती पिकावरची पावडर गुरांनाही फासतात लोक. तसं असेल तर आत्ता सांगा. साबणानं धुऊन काढतो, गुंगीचं इंजेक्शन देतो, पुष्कळदा वाचतं जनावर. तसं नसेल तर हे पिसाळणं आहे, आणि मग त्याला गोळी घालावी लागेल. ह्याला कोंडून ठेवायला माझ्याकडं जागा नाही."

आबाच्या कपाळावर घाम आला. त्याला काय दिसत असेल? चावडी दिसत असेल, पाठीवरची थाप दिसत असेल, तळहातावर चोळलेली चिमूट दिसत असेल. आणि हा डॉक्टरही सरकारचा, ते साहेबही सरकारचे.

"पावडर न्हाई साहेब. करंजाचं त्याल आन् गंधक. आमच्याकडं तेच लावत्यात."

डॉक्टरांनी हुंगलं. करंजाच्या तेलाच्या वासापुढं दुसरा वास टिकत नाही. तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं. ते सिंधूकडं वळले.

"बाई, कुत्रं तुम्ही सांभाळता ना? तुम्ही सांगा. पावडर लावली होती?"

टिकल्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. सांगणाऱ्यानं खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला काही अडवत नव्हतं. कुणी तिचं तोंड दाबलं नव्हतं, कुणी डोळे वटारले नव्हते. आबा तर तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. तो जमिनीकडं बघत उभा होता. पण लग्न झाल्यापासून तिचा एकही शब्द सासऱ्याच्या पुढ्यात सरळ पडला नव्हता. आणि आता पहिला शब्द बोलायचा तो परमुलखात, परक्या माणसांपुढं, आणि तोही काय? मामंजी खोटं बोलतायत, हा. तिनं सवयीनं शेजारी बघितलं. शेजारी आत्याबाई नव्हत्या.

"मामंजी सांगत्यात तसंच," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि शिपायाला बंदूकवाल्याला बोलवायला सांगितलं.

दवाखान्याच्या मागं लिंबाचं झाड होतं. टिकल्याला तिथं न्यायला कुणी धजेना, म्हणून सिंधूनंच त्याला नेलं. तिनं हात काढला तसा तो मान उचलून तिला शोधायला लागला. ती भिंतीआड येऊन उभी राहिली. आवाज झाला तेव्हा आबानं कानांवर हात ठेवले होते. तिनं ठेवले नाहीत.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं, पण खोटं बोलल्यावर त्याचं पुढचंही सगळं निभवावं लागतं. कुत्रं पिसाळलेलं ठरलं, म्हणून लाळ लागलेल्या तिघांनाही पोटात इंजेक्शनं घ्यायची होती. आबा, सिंधू आणि अयुब. रोज सकाळी सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहायचं, पोट उघडं करायचं आणि दाभणासारखी सुई घ्यायची. आबानं हूं की चूं केलं नाही. गावात त्याचं कौतुक झालं. "म्हातारा लई खंबीर," लोक म्हणाले. ठरल्याप्रमाणं पावडर वाटली गेली, त्याच्याच हातानं.

अयुबचं पोट सुजलं. त्याला ताप भरला, त्याची लॉरी दारात उभी राहिली. तरी रांगेत भेटला की हसून म्हणायचा, "अल्लाची मेहेरबानी, वैनी. वेळंवर सुया मिळाल्या, न्हाईतर पोरंबाळं उघड्यावर पडली असती." सिंधू खाली मान घालून उभी राहायची. ह्या माणसाला नदीत आपण एक वाक्य सांगितलं असतं तर, हा विचार सुईपेक्षा खोल जायचा.

इंजेक्शनं संपली आणि काही दिवसांनी आबा बाजारातून एक पिल्लू घेऊन आला. काळं, गुबगुबीत. अंगणात सोडलं आणि बायकोला म्हणाला, "तिला म्हणावं, तुझ्यासाठनं आणलंय."

धुरपदाबाईंनी निरोप दिला. सिंधू दारात उभी होती. पिल्लू लुटुलुटु तिच्या पायांपाशी आलं.

"आन् म्हणावं," आबा पुढं म्हणाला, "ह्याच्या अंगाला काय बाय लावू नको."

धुरपदाबाईंनी तोंड वळवलं, पण त्यांच्या आधीच सिंधू बोलली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं सावरला नाही. ती सरळ सासऱ्याकडं बघत होती.

"मामंजी, टिकल्याला पावडर तुमी लावली व्हती. म्या बघितलंय."

धुरपदाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आता आबा अंगावर धावून येणार, असं त्यांना वाटलं. पण आबा जागचा हलला नाही. त्याचा चेहरा त्या सकाळी गोठ्यापाशी झाला होता तसाच झाला. त्याची मान खाली गेली. मग त्यानं मान वर केली आणि ती लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, बायकोकडं तोंड न वळवता, तो थेट सुनेशी बोलला.

"मग तितं, डाक्टरापुढं, का न्हाई बोललीस, पोरी?"

सिंधूनं सवयीनं शेजारी बघितलं. ह्या वेळी शेजारी आत्याबाई होत्या. पायांपाशी पिल्लू तिच्या लुगड्याचा काठ ओढत होतं.