टोकाला कापलेला दोर

मित्रांनो, घंटेचं कौतुक सगळेच करतात. तिला बोलती करणारा जुना दोर मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. तो दोर मी.

खालच्या आळीतल्या एका बाईने मला वळलं. तागाला पीळ देता देता तिच्या तळहातांची सालं निघाली. मी तयार झाल्यावर प्रार्थनाघराच्या लोकांनी मला काठीच्या टोकाने उचललं, माझ्यावर पाणी शिंपडलं आणि मग आत टांगलं. बाई फाटकाबाहेरून बघत होती. "शोभतोय हो," एवढंच म्हणाली. खालच्या आळीने आत पाऊल टाकायचं नाही, असा वरच्या आळीचा नियम होता.

पुढे कितीतरी वर्षं म्हातारे पुजारीबाबा मला रोज ओढत. मुलं मला लोंबकळत, थोरले म्हणत, "काय दणकट दोर आहे!" मुलं आणि थोरले, सगळे वरच्या आळीचे. मग बाबांचे पाय गेले आणि ते शेजारच्या खोलीत अंथरुणाला खिळले.

बाई वारल्यावर तिची लेक अंगण झाडायला येऊ लागली. टेकडीवरच्या तलावाचा बांध त्या वर्षी झिरपत होता. ती येता-जाता ते सांगायची. गावचे मुखिया हसायचे. "तू झाडू सांभाळ, बांधाचं आम्ही बघतो."

एका दुपारी ती धापा टाकत आली. गाव जेवून आडवं झालेलं. उंबऱ्याशी ती थबकली.

"बाबा, बांध फुटतोय! कोणाला तरी घंटा वाजवायला सांगा!"

"इथे मी एकटाच आहे, पोरी. तूच वाजव."

"मी? मी हात लावू?"

"आत जो बसलाय त्याला तुझ्या-माझ्या हातांत फरक दिसत असता, तर चाळीस वर्षं मी पूजा केली तरी कोणाची?"

तिने डोळे घट्ट मिटले आणि मला धरलं. ओढ अशी होती की तुळई करकरली. दोन्ही आळ्या समोरच्या टेकाडाकडे पळत सुटल्या. बाबांना तिने पाठुंगळीला घेतलं. खालची आळी गाळात गेली, पण माणूस एकही दगावला नाही.

आठवड्याने अंगणात सभा बसली. मुखिया म्हणाले, "जीव वाचले, देवाची कृपा. पण बाटलं ते बाटलं." तिची मूठ जिथे पडली होती तिथून मला कापलं आणि तो तुकडा जाळला.

"मग ज्या कानांनी ती घंटा ऐकलीत, तेही कापा," बाबा खोलीतून म्हणाले. त्याच संध्याकाळी बाबांनी आपलं अंथरूण खालच्या आळीतल्या नव्या झोपड्यांत हलवायला लावलं.

आता प्रार्थनाघराला कुलूप असतं. बांधाला नुसता चिखल थापला आहे. माझं टोक इतकं वर गेलंय की स्टुलावर चढल्याशिवाय हाताला लागत नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा, असं मी म्हणणार नाही. दोर काय, दुसराही वळता येईल. पण देवाला जो हात चालतो, तो तुम्ही झिडकारू नका. आणखी सांगायला वेळ नाही. सकाळपासून टेकडीकडून घरघर ऐकू येते आहे आणि बाहेर कोणीतरी दारावर मुठी आपटतंय. किल्ली कमरेला लावून मुखिया परगावी गेले आहेत.