खालच्या पट्टीतला चेहरा

लोकांच्या मनात घर करायचं तर माणसाला तपश्चर्या करावी लागते, असं औंढ्याच्या हौशीरामचं ठाम मत होतं. त्याची स्वतःची तपश्चर्या बॅनरच्या खालच्या पट्टीत चालू होती. वर नेत्यांचे मोठे चेहरे, मध्ये हात जोडलेला वाढदिवसवाला आणि तळाला शुभेच्छुकांची दाटीवाटी. त्या दाटीत फेटा बांधलेला, काळा गॉगल लावलेला हौशीराम, खाली नाव. वाढदिवस असो, शिरगावच्या पालखीचं स्वागत असो, नाहीतर कुणाचं पोरगं दहावी सुटलेलं असो, हौशीराम तळाशी हजर असायचाच.

फोटोची पद्धत ठरलेली होती. मागच्या बॅनरचा मोबाईलवर फोटो काढायचा, त्यातून आपल्यापुरता तुकडा कापायचा आणि पुढच्या बॅनरसाठी व्हॉट्सॲपवर पाठवून द्यायचा. मूळ फोटो कुठल्याशा लग्नातला. तो ज्या मोबाईलमध्ये होता, तो भाताच्या खाचरात पडून कधीच वारला होता.

यंदा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि हौशीरामने तळातून वर सरकायचं ठरवलं. पॅनेलप्रमुख दिगंबरराव तळेगावचे. ते गावच्या जत्रेला येणार आणि वॉर्डाचा उमेदवार तिथेच जाहीर करणार. त्यांची गाडी थांबेल तिथेच, कमानीपाशी, वीस बाय दहाचा बॅनर लावायचा आणि त्यात मधोमध एकटा हौशीराम. त्याच वॉर्डातून त्याचा चुलतभाऊ माऊलीही इच्छुक असावा. म्हणजे माऊली तसं कुठे बोलत नव्हता, पण हे न बोलणंच हौशीरामला खटकत होतं.

लोणावळ्यात चैतालीचं फ्लेक्सचं दुकान होतं. तिने व्हॉट्सॲपवरचा तुकडा बघून कपाळाला हात लावला. एवढासा फोटो असाच ताणला तर बॅनरवर चेहऱ्याऐवजी नुसत्या चौकोनी फरशा दिसतील, म्हणाली. मग तिने तो एआयच्या कसल्याशा सॉफ्टवेअरमध्ये घातला. पडद्यावरचा धुरकट चेहरा हळूहळू स्वच्छ होत गेला. फेट्याच्या चुण्या उमटल्या, मिशीचा केस न् केस सुटा झाला आणि हनुवटीला खळी पडली.

हौशीरामला खळी नव्हती. माऊलीला होती.

"मॅडम, ह्यो माऊली हाय."

"कोण माऊली?"

हा प्रश्न तिने जरा जास्तच निरागसपणे विचारला, असं हौशीरामला वाटलं. फोटोत जिथे काही दिसत नाही तिथे सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, असं तिने समजावून सांगितलं.

"अंदाजाला सगळा मावळ पडलाय की. त्याला नेमका माऊलीच कसा घावला?"

तिने चहा मागवला. दुकानदार गिऱ्हाइकाला उगाच चहा पाजत नाही, हे हौशीरामला ठाऊक होतं. त्याने आडून आडून चौकशी केली, तेव्हा औंढ्याचे एक गृहस्थ मागच्या आठवड्यात आधारकार्ड लॅमिनेट करायला येऊन गेल्याचं निघालं. हौशीरामने चहा अर्धा टाकला.

मग तो कामशेतला गेला. तिथल्या मशीनमधूनही माऊलीच निघाला. तळेगावला गेला. तिथेही माऊली, वर आणखी उजळ होऊन. दुसऱ्या कुणाला यातून फोटोविषयी शंका आली असती. हौशीरामला एवढंच कळलं की माऊलीचा हात पार तळेगावपर्यंत पोचलाय. परत येताना त्याने गाडीच्या आरशात मागे बरंच लक्ष ठेवलं.

गावात शिरला तर माऊली म्हशीला पाणी दाखवत होता. लांबूनच त्याने हात केला. एवढा मोठा कट तडीस नेऊन जो माणूस इतक्या शांतपणे म्हशीला पाणी दाखवतो, तो किती मुरलेला असेल, या विचाराने हौशीरामच्या अंगावर काटा आला.

घरी त्याने तिन्ही दुकानांचे नमुने बायकोपुढे पुरावा म्हणून मांडले. मुक्ताबाई तांदूळ निवडत होती.

"माऊली भावजींचा फोटू लय झ्याक आलाय," ती म्हणाली.

हौशीरामने मोबाईलमधला जुना तुकडा तिच्या नाकापाशी धरला. आता बोल, या अर्थाने. तिने तो लांब धरून पाहिला.

"ह्ये बी भावजीच की. माझ्या भाचीच्या, सृष्टीच्या लग्नातला हाय. तुमी शेजारी हुता, तुमचा फेटा सुटला हुता."

हौशीराम खाली बसला. पहिल्या बॅनरच्या वेळी सबंध घोळक्याचा फोटो त्यानेच पाठवला होता आणि दुकानवाल्याने त्यातला शेजारचा फेटा कापून घेतला होता. खाली आपलं नाव आहे एवढं हौशीराम दरवेळी बघून घ्यायचा.

"मग इतकी वर्सं सांगितलं का न्हाईस?"

"मला वाटलं, तुमी मुद्दाम भावाला पुढं आणताय. बरं वाटायचं मला."

दुसऱ्या दिवशी तो लोणावळ्याला गेला, चैतालीची मनातल्या मनात माफी मागितली आणि चांगल्या कॅमेऱ्यातून नवा फोटो काढून घेतला. आता काही ताणायची गरज नव्हती. जत्रेच्या सकाळी कमानीपाशी वीस फूट रुंद, खराखुरा हौशीराम उभा राहिला.

दिगंबरराव गाडीतून उतरले. त्यांनी बॅनरकडे बराच वेळ पाहिलं आणि हा नवीन माणूस कुठला, असं शेजारच्या माणसाला विचारलं. हौशीराम हार घेऊन पुढे होणार, तेवढ्यात त्यांची नजर गर्दीत नारळ घेऊन उभ्या असलेल्या माऊलीवर गेली. ते थेट त्याच्याकडे गेले आणि त्याचे दोन्ही हात धरले.

"नाव लक्षात राहत नाही हो माझ्या, पण चेहरा मी विसरत नाही. वर्षानुवर्षं बघतोय, प्रत्येक कार्यात तुम्ही असताच."

माऊलीला काही कळलं नाही. मोठा माणूस बोलतोय म्हणून तो हसला. कुस्त्या सुरू व्हायच्या आत त्याची उमेदवारी जाहीर झाली.

माऊलीने आयुष्यात एकही बॅनर लावलेला नव्हता.