काळी पडलेली ज्वारी

चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात त्या रविवारी उभे राहायलाही जागा नव्हती. व्यासपीठावर धान्यमहाराज बसले होते. समोर दोन वाट्या होत्या. एकीत आमच्या घरचे ज्वारीचे पीठ, दुसरीत त्यांचे ‘सिद्धपीठ’. दोन्हींवर त्यांनी पिवळसर तीर्थाचे थेंब सोडले. आमचे पीठ काळेनिळे पडले, त्यांचे शुभ्र राहिले.

“बघा माउली, हे विष पोटात जातंय! साखर चढते ती यानंच. ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळी घराबाहेर काढा!”

“साहेब, तुम्ही सांगा राव,” शेजारचे हिंदुराव म्हणाले. “तीस वर्षं कंपनीत क्वालिटी बघितलीय तुम्ही.”

मी चष्मा लावून दोन्ही वाट्या न्याहाळल्या आणि म्हणालो, “फरक स्पष्ट आहे.” त्या एका वाक्यावर निम्म्या सोसायटीने सिद्धपीठ घरी नेले.

माझी पत्नी वासंती मधुमेही आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने वर्षभरात रोजच्या जेवणात एकेक धान्य वाढवले होते. आधी ज्वारीची भाकरी, मग नाचणीची आंबील, मग कोंड्यासकट कणकेची पोळी. साखर आटोक्यात आली होती. तिचे धान्याचे डबे मी स्वतः रिकामे करून त्यांत सिद्धपीठ भरले. ती एवढेच म्हणाली, “तुम्ही तपासलंय म्हणजे बरोबरच असणार.”

दोन महिन्यांत तिची साखर जवळपास दुप्पट झाली.

आमची सून दिव्या शाळेत विज्ञान शिकवते. वासंतीच्या रक्ताचा रिपोर्ट वाचून ती पुढच्या सभेत थेट व्यासपीठावर गेली. “महाराज, तुमच्या उपवासाच्या खिचडीवर थोडं तीर्थ सोडते हं.” उत्तराची वाट न पाहता तिने थेंब सोडला. साबुदाणा काळानिळा झाला.

“आँ? म्हाराज बी विषच खात्यात व्हय!” मागून कोणीतरी ओरडले.

“विष नाही, हे आयोडीन आहे,” दिव्या म्हणाली. “पिठूळ पदार्थावर पडलं की असाच रंग येतो.” मग तिने क जीवनसत्त्वाची आंबट गोळी कुटून आमच्या ज्वारीच्या पिठात कालवली आणि वर तेच तीर्थ सोडले. ज्वारीही पांढरीच राहिली. सिद्धपीठ म्हणजे हीच भुकटी मिसळलेला मैदा होता. महाराज एव्हाना खिचडी तशीच टाकून मागच्या दाराने निघून गेले होते.

पुरवठादाराचा माल त्याच्याच मापकाने पास करायचा नाही, हा नियम मी कंपनीत प्रत्येक नव्या माणसाला शिकवला. इथे पीठ त्यांचे, तीर्थ त्यांचे, हातही त्यांचा. होकार मात्र माझा. सर्वांसमोर उभा राहून मी हे कबूल केले. हिंदुरावांच्या नजरेला नजर देता आली नाही. चमत्कार दाखवणाऱ्याला एवढेच सांगा, वाटी आम्ही निवडू, थेंब आम्ही सोडू. तेवढे सांगण्याइतके शिक्षण मला होते, आणि मी ते सांगितले नाही.

घरी वासंतीने ताटात ज्वारीची भाकरी वाढली.

“घ्या,” ती म्हणाली, “आधी तपासून घ्या.”

मान वर न करता मी तुकडा मोडला.